लाभ, दोन, तीन

नंदुरबारला गाडीतून पाय खाली ठेवला आणि शिंक आली. तिच्या मागोमाग दुसरी. सुरतेपासून माझ्यासमोर बसलेला तरुण नाकाला रुमाल लावत म्हणाला, "काका, कुठे काही जळतंय का?" मी डोळे पुसत म्हटलं, "जळत नाही रे, वाळतंय."

पौष सरत आला की या गावाची हवा बदलते. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर मिरची पसरलेली असते. त्या मैदानांना आम्ही पथारी म्हणतो. वारा पथारीवरून गावात शिरतो आणि दाराखिडक्यांना न जुमानता घराघरात जाऊन बसतो. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. परगावचा पाहुणा मात्र ठसका लागल्यावरच ओळखू येतो. मी या गावचा असून परवा स्टेशनावर शिंकलो, तेव्हा थोडा शरमलोच. ठाण्यातल्या बंद घरात माझं नाक परकं झालं होतं.

लांबून पथारी एकरंगी लाल दिसते. जवळ गेलात की रंगांची जत्राच. कालची ओली मिरची ताज्या कुंकवासारखी, आठवडाभर उन्हं खाल्लेली विटकरी, आणि पोत्यात भरायला आलेली जवळजवळ काळपट. तिच्यावर पाय पडला की आतल्या बिया खुळखुळतात. मधल्या चिंचोळ्या वाटांवर बायका ओळीने बसतात, तोंडाला ओढणी गुंडाळून. देठ खुडता खुडता बोटं पेटतात. तो हात मग डोळ्याला लावायचा नाही, तान्ह्या मुलाला लावायचा नाही. सुटलेला केस मागे सारायचा असला तरी शेजारणीला कोपराने खुणावायचं. तिचेही हात तसलेच. दोघी हसायच्या आणि केस तसाच उडत राहायचा.

अशाच एका पथारीवर मी माझं काम शिकलो. सगळे म्हणतात, मी स्वतःच शिकलो. परवा गावातल्या एका संस्थेने माझा सत्कार ठेवला, त्या पत्रिकेतही माझ्या नावाआधी 'स्वयंशिक्षित' असं छापलं होतं. हा शब्द आयुष्यभर माझ्या नावाला चिकटून राहिला. मी तो कधी खोडला नाही. या खेपेला खोडायचा असं ठरवूनच गाडीत बसलो होतो.

एकोणीसशे साठचं दशक तेव्हा उतरणीला लागलं होतं. नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. माझं इंटर सायन्स अर्ध्यावर सुटलेलं. माझे वडील, आबा, बाजारात मापाडी होते. व्यापाऱ्याच्या दुकानासमोर शेतकऱ्याचा माल तोलायचा आणि मोठ्याने मोजायचा, हे त्यांचं काम. आयुष्यभर काट्यासमोर वाकून त्यांची पाठ कमानीसारखी झाली होती. मिरचीचा मोसम सुरू झाला तेव्हा जेवता जेवता ते एवढंच बोलले, "होळी लगून वाट पाहसू. मंग काटा तुन्हा हातमा." म्हणजे होळीपर्यंत नोकरी लागली नाही, तर मीही मापाडी.

काट्याची मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. आबांच्या मोजण्याला एक सूर होता. पहिला तोल टाकला की ते 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. दुसरा तोल होईपर्यंत तेच घोळवत राहायचे, "लाभे लाभ, लाभे लाभ," आणि मग, "दोनं दोन, दोनं दोन." आमच्याकडचे सगळेच मापाडी असं मोजत. लहानपणी मी विचारलं होतं, पहिल्याला एक का म्हणत नाही? आबा म्हणाले, "एक म्हनं का माल एकटा पडस. लाभ म्हनं का मांगे दोन येस."

काटा घ्यायला मी तयारही झालो असतो. पण मध्येच ते पुस्तक घरात आलं.

आबा ज्या पेढीवर मोजत, तिथल्या शेठजींचा भाचा मुंबईला एका कंपनीत लागला होता. कावीळ झाली म्हणून घरी परतला, तो परत न जायचं ठरवूनच. त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे भिरकावलं. "ने बाबा. तुला गणिताची हौस आहे ना? यात आकडे कमी आणि हुकूमच जास्त आहेत." पहिल्याच पानावर त्या यंत्राचं चित्र होतं. माय चुलीपुढून डोकावली. "हाई काय शे? कपडासनं कपाट?"

ते कपाट म्हणजे कॉम्प्युटर. भोकं पाडलेली कार्डं खाणारं आणि सांगितलेला हुकूम पाळणारं. शब्दकोश उशाशी घेऊन मी ते पुस्तक चावायला लागलो. हुकूम सोपे होते. कार्ड वाच. या घरातला आकडा त्या घरात टाक. दोन आकडे ताडून पाहा. अमुक असेल तर तमुक हुकमावर उडी मार. शब्द समजत होते, काम समजत नव्हतं. पोहण्याचं पुस्तक वाचून तापीत उतरता येत नाही, तसं झालं. यंत्र मुंबईत, मी नंदुरबारात. मला हवं होतं असं कुणीतरी, जे सांगितलं तेवढंच करील. कमी नाही, जास्त नाही, स्वतःची अक्कल अजिबात न घालता.

असं माणूस आमच्या घरात एकच होतं. माझी धाकटी बहीण शांता.

शांताची शाळा सातवीनंतर सुटली होती. ती मंद होती म्हणून नव्हे. मुलीची शाळा त्या काळी तिथेच संपायची. स्वभावाने मात्र ती विलक्षण हट्टी, आणि तिचा हट्टही निराळाच. माय म्हणायची, "तांब्या आन," तर ती रिकामा तांब्या आणून ठेवायची. "पानी कोठे शे?" "तू तांब्या म्हनी." माय कपाळावर हात मारायची. मी त्या पुस्तकावरून मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मला माझं यंत्र सापडलं.

त्या मोसमात शांता पथारीवर देठ खुडायला जायची. दुपारी भाकरी खाऊन झाली की आमचं काम सुरू व्हायचं. चार टोपल्यांवर चुन्याने खुणा केल्या, ती यंत्राची घरं. आकड्यांच्या जागी चिंचोके. एकेक हुकूम कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठ्या बाभळीच्या काट्यांनी पोत्यावर ओळीने टोचायच्या. कार्डाच्या जागी मिरची. ढिगातून एक मिरची घे. फटकी, म्हणजे पांढरी पडलेली असेल, तर या टोपलीत टाक आणि तिथे एक चिंचोका ठेव. चांगली असेल तर देठ खुड, त्या टोपलीत टाक. पुन्हा वरच्या चिठ्ठीवर जा. शांता मांडी घालून बसायची, चिठ्ठी वाचायची आणि तेवढंच करायची. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही. मी चुकीचं लिहिलं की चुकीचं करायची, आणि तेही इतक्या निष्ठेने की मला माझी चूक उघडी नागडी दिसायची.

मोजणी मात्र आम्ही दोघंही आबांचीच केली. पहिली मिरची उचलण्याआधीच टोपलीत एक चिंचोका पडलेला असायचा. तो लाभ. पहिल्या मिरचीचा चिंचोका तोच, दुसरीपासून पुढे दोन, तीन. त्यात काही चुकतंय असं आम्हा मापाड्याच्या पोरांच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

एका दुपारी ढीग लहान होता. शांता चिठ्ठ्या वाचत होती, मी दुसऱ्याच विचारात होतो. अचानक आरडाओरडा झाला. शांताचा ढीग संपला होता आणि तिने शांतपणे शेजारच्या ढिगात हात घातला होता. तो ढीग रनाळ्याच्या सखूबाईचा.

"ओ पोरी, मन्हा ढीगमा हात कसाले घाली ऱ्हायनी?"

शांताने चेहरा तसाच ठेवला. "माले नको इचारू, त्याले इचार. मी मशीन शे."

मी धावत गेलो. "अवं, ढीग सरना. दिखत नही का तुले?"

"मशीनले डोया ऱ्हातस का? तू लिखं, एक मिरची ले. मी लिधी."

"मंग आते काय लिखू?"

"पहिले हाई लिख. काहीच नही ऱ्हायनं तं काय करानं?"

पथारीवर हशा उसळला. सखूबाईचा राग कुठल्या कुठे गेला. ती ओढणीआडून म्हणाली, "भाऊ, मन्हा नवरानीबी मशीन बनाड. सांगेल काम तं करी!" त्यानंतर मोसमभर शांताला सगळ्या जणी 'मशीन' म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं.

मी ती चिठ्ठी लिहिली. ढीग रिकामा आहे का? असेल तर थांब. मिरची उचलण्याच्या आधी ती टोचली. पुस्तकाच्या कितीतरी पानांतून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका चिठ्ठीत शिरलं. यंत्राला 'काहीच नाही' हेसुद्धा सांगावं लागतं. आणि ते सगळ्यात आधी सांगावं लागतं.

पुढे मी कितीतरी शिकाऊ पोरांना शिकवलं. कुणाचं काम बिघडलं की मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: काहीच नसेल तर? पोरं म्हणायची, सरांचा अनुभव दांडगा. मी हसून मान हलवायचो. तो प्रश्न आमच्या अहिराणी बोलीतून आलेला आहे, आणि तो माझा नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

जाहिरात वर्तमानपत्रात आली. मुंबईच्या एका कंपनीला प्रोग्रॅमर हवे होते. पदवीची अट नव्हती, परीक्षा घेणार होते. निघताना शांताने भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "मशीनले सांग, नंदुरबारनी मशीननी राम राम सांगेल शे."

त्या हापिसातला थंडावा मला अजून आठवतो. मेजापलीकडे तीन साहेब. माझ्या पिशवीतल्या ठेच्याचा वास खोलीभर पसरलेला, आणि त्यातला एक जण सारखा नाक चोळतोय. मला मुळीच भीती वाटली नाही. मोसमभर मी रोज प्रोग्रॅम लिहिले होते आणि रोज ते चालताना पाहिले होते. परीक्षेला आलेल्या पदवीधरांपैकी असं कितीजणांनी केलं असेल?

फळ्यावर प्रश्न होता: कार्डांची एक चळत आहे, त्यात किती कार्डं आहेत ते मोजणारे हुकूम लिहा. मी हसलोच. खडू उचलला आणि सवयीने पहिला हुकूम लिहिला: मोजणीच्या घरात एक टाक. मग कार्ड वाच, पुढचं आहे का पाहा, असेल तर एक मिळव.

मधल्या साहेबांनी चष्मा वर केला. "आणि चळतीत एकही कार्ड नसेल तर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माल नसेल तर मापाड्याला बोलावणार कोण?"

दोन साहेब हसले. मधले हसले नाहीत. ते वाट पाहत राहिले. आणि त्या क्षणी मला सखूबाईच्या ढिगात शिरणारा शांताचा हात दिसला. लाल, पेटलेली बोटं, निर्विकार चेहरा. मी पहिली ओळ पुसली. घरात शून्य टाकलं. त्याखाली लिहिलं: चळत रिकामी आहे का? असेल तर थांब. मागे वळलो तेव्हा मधले साहेब खुर्चीत रेलून बसले होते. त्यांनी आणखी प्रश्न घातले, मी ते सोडवले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे तुम्ही कुणाकडे शिकलात?"

मी म्हटलं, "कुणाकडे नाही, सर. स्वतःच."

किती सहज म्हटलं! बहिणीकडे, मिरचीच्या ढिगापाशी, असं म्हणालो असतो तर ते हसले असते. मघाशी हसलेच होते. एवढा जरी विचार मी केला असता तरी आज थोडं बरं वाटलं असतं. खरं म्हणजे मी काहीच विचार केला नाही. 'स्वतःच' हा शब्द तोंडात गोड लागला आणि समोरच्यांनाही गोड लागलेला दिसला. नोकरी मिळाली. होळीच्या आधी पत्र आलं. आबांनी काटा खुंटीला टांगला, पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा उतरवून कामावर गेले.

काम मला येत होतं. ही गोष्ट कबुलीजबाबात विरघळू द्यायची नाही. त्या थंड खोलीत कपाटाएवढी यंत्रं घरघरायची आणि मी लिहिलेले हुकूम बिनबोभाट पाळायची. तिथे मला कधी शिंक आली नाही. पदवीवाले सहकारी अडले की माझ्या टेबलाशी येत. मी चांगलं काम केलं आणि पुष्कळ केलं. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

किंतु आहे तो पुढच्या मोसमाचा. चष्मेवाल्या साहेबांनी मला बोलावलं. कार्डावरची भोकं तपासायला काही मुली नेमायच्या होत्या. शिक्षण फार नको, पण डोकं स्वच्छ हवं. जे लिहिलंय तेवढंच बघणारी, मनाचं काही न घालणारी. "तुमच्या माहितीत आहे का अशी कुणी?" शांताच्या लग्नाचं तेव्हा चाललं होतं, ठरलेलं नव्हतं. मावशी गिरगावात राहत होती, तिच्याकडे राहायची सोय झाली असती. हे सगळं माझ्या डोक्यात लख्ख आलं. त्यामागून दुसरंही आलं: ती इथे आली की कुणीतरी तिला माझ्या शिकण्याबद्दल विचारील, आणि ती विचारल्याचं उत्तर देईल. कमी नाही, जास्त नाही. मी म्हटलं, "नाही सर, कुणी नाही." माघात शांताचं लग्न झालं. रनाळ्याला दिली. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. त्याने माझं उत्तर बदलत नाही.

परवा स्टेशनावरून मी सरळ पथारीवर गेलो. शांताच्या मुलाने तिथे जागा भाड्याने घेतली आहे. थंडीभर शांता तिथेच बाजेवर बसून असते, कुणी नको म्हटलं तरी. मला शिंकताना पाहून म्हणाली, "नाक पुसी ले पहिले, मंग बोल. पुरा मुंबईवाला व्हई गया तू."

मी बाजेच्या कडेला टेकलो. बोलायचं ते गाडीत घोकलं होतं, पण अहिराणीत घोकलं नव्हतं. त्यामुळे ते फार लहान झालं. "शांते, तवय मुंबईले साहेबनी माले इचारं व्हतं. कार्ड तपासाले पोर पाहिजे व्हती. मी तुन्हं नाव नही सांगं."

तिच्या हातात मिरची होती. तिने देठ खुडला. "काय काम व्हतं?"

"कार्डवरनी भोकं बराबर शेत का, ते पाहानं."

"बस?"

"बस."

"तठे मन्हाकडथून चूक व्हई जाती का?"

"नही."

"मंग?"

ती वाट पाहत होती, अगदी मधल्या साहेबांसारखी. समोर बायका खुडत होत्या, वाऱ्यावर कुणाच्या तरी कपाळावरचा केस उडत होता. मग तिने एक टोपली माझ्याकडे सरकवली. "देठ खुड."

मी खुडत बसलो. बोटं पेटली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. ऊन कलल्यावर तिने विचारलं, "उद्या सभामा काय बोलशी?"

"खरं ते."

"आनि ऐकाले कोनीच नही उनं तं?"

मी म्हटलं, "मंग थांबानं."

तेव्हा ती हसली. ओढणी तोंडावर धरून, पहिल्यासारखी. "मी येस ना. मंग सभा रिकामी कशी ऱ्हाई?"

सभागृह भरलेलं होतं. पाहुण्यांनी माझी ओळख करून दिली. स्वयंशिक्षित, एकाकी साधना, आपल्या भागातला पहिला, एकमेव. पुढच्या रांगेत कॉलेजची मुलं, प्रत्येकाच्या खिशात त्या जुन्या कपाटापेक्षा हुशार यंत्र. शांता तिसऱ्या रांगेत, ठेवणीतलं पातळ नेसून, हात मांडीवर. तिच्या बोटांची लाली मला मंचावरूनही दिसत होती. माझी बोटंही हाराखाली जळत होती.

मी टोपल्यांची, चिंचोक्यांची, सखूबाईच्या ढिगाची हकिगत सांगितली. मुलं खूप हसली. मग मी परीक्षेतला प्रश्न सांगितला आणि त्याचं उत्तर कुणाच्या हाताने दिलं तेही. साहेबांना दिलेली माझी दोन्ही उत्तरं सांगितली, तेव्हा मुलं हसायची थांबली. मी म्हटलं, पाहुण्यांनी मला पहिला म्हटलं, एकमेव म्हटलं. मी मापाड्याचा मुलगा आहे. आमच्या मोजणीत एक नसतो. ही मोजणी इतकी वर्षं चुकली, आज ती मी सुधारतो.

मी तिसऱ्या रांगेकडे हात केला आणि आबांच्या सुरात म्हटलं, "लाभे लाभ."

माना वळल्या. शांता क्षणभर तशीच बसली, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. मग तिने आपलं लाल बोट माझ्यावर रोखलं आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोनं दोन." आणि लगेच, "सरनं ना? बस आते खाले."

हुकूम स्पष्ट होता. मी बसलो.